पाटावरची दोन रिळं

आमच्या खोलीत देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता तो एका रिळाला. गळाने मासे गरवायच्या काठीला मुठीपाशी बसवतात ती दोरा गुंडाळायची चक्री म्हणजे रीळ. आमचं रीळ आडव्या फिरकीचं होतं. त्यात फिरकी काठीवर आडवी बसते, गळ फेकताना अंगठा तिच्यावर हलकासा टेकवून ठेवायचा, आणि अंगठ्याने जरा हयगय केली की फिरकी दोऱ्याच्या पुढे धावते. मग असा गुंता होतो की तो सोडवेपर्यंत भरती येऊन ओहोटी लागते. बाबांना हे रीळ गोदीतल्या एका ओळखीच्या माणसाने परदेशी बोटीवरच्या खलाशाकडून आणून दिलं होतं. तो खलाशी माझ्या लहानपणी नॉर्वेचा होता, मी कॉलेजात जाईपर्यंत तो जपानी झाला. रीळ मात्र तेच राहिलं. अख्खं धातूचं, तळहातावर ठेवलं की थंडगार आणि जड, आणि फिरवलं की आतून असा बारीक, भरीव आवाज यायचा की बाबा डोळे मिटून ऐकायचे.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि तिच्यापुढचा गॅलरीचा तुकडा एवढ्यात आम्ही चौघं राहायचो. बाबा, आई, बाबांचा धाकटा भाऊ बाळाकाका आणि मी, सुलू. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा भोंगा थांबला आणि त्याबरोबर बाबांचं बोलणंही जवळजवळ थांबलं. पुढे त्यांना परळच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं, पण तिथून घरी आले की ते आंघोळ करून, जेवून, भिंतीकडे बघत बसत. आई काही विचारी, ते मान हलवत. रविवारी मात्र सकाळीच ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं रीळ काढत, दोनदा फिरवून ऐकत आणि बाळाकाकाला हाक मारत. मग दोघं भाऊ काठ्या खांद्यावर टाकून रे रोडला जायचे. तिथे लाकडांच्या वखारींच्या मागे एक जुना धक्का होता. त्यावर बसून बाबा सहा दिवसांचं साचलेलं सगळं बोलून टाकत. मी दोन-चारदा डबा घेऊन गेले होते तेव्हा ऐकलं होतं. भाजीपासून सरकारपर्यंत काही सुटत नसे. एकदा आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "गो, तो माणूस रविवारी बोलता, तेवढ्यावर जगता. माशांचा काय, आम्ही बाजारातून आणू."

ही गोष्ट मी नीट लक्षात ठेवायला हवी होती. सतरा वर्षांच्या मुलीच्या लक्षात भलत्याच गोष्टी राहतात.

बाळाकाका प्लास्टिकच्या कारखान्यात होता. बादल्या, मग, कंगवे, साबणाच्या डब्या त्याच्या मशीनमधून बाहेर पडत आणि वाकड्या निघालेल्या आमच्या घरी येत. आमच्याकडे एक बादली अशी होती की ती भरली तर कलंडायची आणि रिकामी असली तर उभी राहायची. तर एका श्रावणात बाळाकाका नवं रीळ घेऊन आला. तसलंच, आडव्या फिरकीचं, पण वरचा सांगाडा प्लास्टिकचा. काळं कुळकुळीत आणि हलकं. त्याने ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते वर-खाली केलं, कानाशी नेलं आणि विचारलं, "आत काय घातलाच नाय काय?"

तिथून सुरुवात झाली. बाबांचं म्हणणं असं की मोठा मासा लागला की सगळा ताण सांगाड्यावर येतो. प्लास्टिक दबतं, वाकतं, मग आतली दातेरी चाकं एकमेकांपासून सरकतात आणि दात घसरतात. धातू जागचा हलत नाही. बाळाकाकाचं म्हणणं असं की आपण गरवतो ते समुद्रात, तळ्यात नव्हे. खारं पाणी धातूला खातं, त्यावर पांढरी भुकटी धरते. प्लास्टिकला मिठाचं काही नाही. शिवाय दिवसभर फेकून मनगट दुखत नाही. आज इतक्या वर्षांनी मला वाटतं की दोघांचंही बरोबर होतं. माझा चुलतभाऊ, म्हणजे बाळाकाकाचा मुलगा, हल्ली जे रीळ वापरतो त्यात निम्मं हे आणि निम्मं ते असतं आणि त्यावर घरात कोणी अवाक्षर काढत नाही. तेव्हा मात्र जेवताना माशाचा काटा काढावा तसा रोज एकेक मुद्दा निघायचा. तरी ते भांडण धक्क्यावरचं होतं, हसतखेळत चाललेलं. त्याला धार आली ती खंडेनवमीला.

गिरणी चालू असताना खंडेनवमीला बाबा सगळी यंत्रं झेंडूच्या माळांनी मढवून यायचे. गिरणी गेली तरी पूजा त्यांनी सोडली नाही, ती घरी आणली. पाटावर पान्हे, हातोडी, कानस, आईची विळी, अडकित्ता, मिक्सर, माझा कंपास आणि मधोमध मलमलवर रीळ. आदल्या दिवशी आईने मला देवाची भांडी घासायला बसवलं आणि जाता जाता म्हणाली, "पूजेतला सगळा लख्ख करून ठेव." मी सगळं लख्ख केलं. तांब्या घासला, निरांजन घासलं, आणि मग मलमल सोडून रीळ घेतलं. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी. वरून चमकलं तेव्हा मला वाटलं, आतून का सोडावं? बाजूचे तीन स्क्रू हाताने सुटतात हे मी बाबांना करताना पाहिलं होतं. आत सगळीकडे काळा, चिकट मळ बसलेला. मी तो बोटाने, फडक्याने, चिंचेने खरवडून काढला. तो मळ नव्हता. ते बाबांनी काडीने मोजून लावलेलं ग्रीस होतं. ते गेल्यावर चाकं सोन्यासारखी दिसायला लागली. वरून मी खोबरेल तेलाचे चार थेंब टाकले, स्क्रू लावले आणि स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात जाऊन बघून आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रीळ पाहिलं आणि ते चक्क हसले. गॅलरीत जाऊन त्यांनी ते उन्हात धरलं आणि बाळाकाकाला म्हणाले, "बघ. ह्येका धातू म्हणतत. तुझ्या प्लास्टिकाक अशी झळाळी येयत काय जन्मात?" घासलं मीच हे त्यांना माहीत होतं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आतूनही घासलं हे सांगायचं माझ्या जिभेवर होतं, पण तेवढ्यात बाळाकाकाने आपलं काळं रीळ आणून पाटावर, धातूच्या रिळाला खेटून ठेवलं.

बाबांनी ते उचलून बाजूला ठेवलं. "बाळा, ह्यो शस्त्रांचो पाट आसा."

"माझं काय खेळणं आहे?"

"शस्त्र धातूचा असता."

आई निरांजनात वात घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मगे ह्यो मिक्सर खंयच्या धातूचो? त्याका हळदकुंकू तुमीच लावलात मा?"

बाबांनी मिक्सरचं झाकण उघडून दाखवलं. मग म्हणाले, "मिक्सराच्या आत पाती आसत. पूजा पात्यांची केलंय."

"माझ्या रिळात पण पितळी चाकं आहेत," बाळाकाका म्हणाला.

"चाकां आसत, पण घर प्लास्टिकचा. चाळीत माणसां कितीय चांगली आसली, तरी भिंतीच हालल्यो तर काय करतलंस?"

बाळाकाकाने आपलं रीळ उचललं आणि मिक्सरही उचलला. म्हणाला, मग हाही उठला. आईने मिक्सर परत ठेवला. त्या दिवशी पूजा झाली, पण वड्यांबरोबर केलेली काळ्या वाटाण्याची उसळ दोघा भावांनी एकमेकांकडे पाठ करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी दसरा. आपटा बाबांनी बाळाकाकाला स्वतः न देता माझ्या हाती पाठवला. मी तो दोन हातांच्या अंतरावर नेऊन दिला.

चाळीत गोष्ट लपत नाही. संध्याकाळपर्यंत चाळीचे सेक्रेटरी तोरसकरकाका येऊन गेले. तोरसकरकाका वजनाने आणि आवाजाने एवढे होते की ते बोलायला लागले की आजूबाजूच्या माणसांना बाजू घ्यावीच लागे. मधल्या रविवारी रिळाचा डबा उघडलाच नाही, आणि आठवडाभरात अख्ख्या चाळीत धातूवाले आणि प्लास्टिकवाले झाले. यातल्या निम्म्यांनी समुद्रात कधी पायही भिजवला नव्हता. सकाळी नळावर उजवीकडे तांब्याच्या कळशा आणि डावीकडे प्लास्टिकच्या बादल्या अशा दोन रांगा लागायला लागल्या. तोरसकरांची बादली स्टीलची पण कडी प्लास्टिकची, म्हणून ते स्वतःला तटस्थ म्हणवत आणि दोन्हीकडून पाणी भरत. तळमजल्यावरच्या एका आजोबांना कवळी होती. दात प्लास्टिकचे, म्हणून प्लास्टिकवाल्यांनी त्यांना आपल्यात ओढलं. मग कोणीतरी शोध लावला की कवळीला आतून तारेचा आकडा आहे. दोन दिवस लोक आजोबांना तोंड उघडायला लावत होते. शेवटी ते म्हणाले, "मला जेवू द्या रे," आणि दार लावून घेतलं.

मग आला पैजेचा प्रश्न. तोरसकरांनी गॅलरीत खुर्ची टाकून तो मांडला. रविवारी भरतीच्या वेळी रे रोडच्या धक्क्यावर दोघांनी गरवायचं. ज्याच्या रिळाने मोठा मासा काढला त्याचा धातू, म्हणजे त्याचा पदार्थ, खरा. हरेल त्याने पुन्हा रीळ हातात धरायचं नाही. बाबा "चालेल" म्हणाले. बाळाकाकाही "चालेल" म्हणाला. आत विळीवर बसलेल्या आईचा हात थांबला. ती मला हळू आवाजात म्हणाली, "कोणय हरलो तरी रविवार गेलो. एकटो माणूस धक्क्यार कोणाबरोबर बोलतलो?"

तेव्हा मला भीती वाटली. पण चिंचेचा विचार अजून डोक्यात नव्हता. तो शनिवारी आला. बाबांनी रीळ फिरवून कानाशी धरलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "जरा जड फिरता." मला आतली खरवडलेली चाकं आठवली. पण बाबा पुढे स्वतःशीच म्हणाले, "पूजा झाली मा, धातूक वजन येता." इतकी वर्षं यंत्रं खोलून जोडणारा माणूस असं बोलतोय हे ऐकून मला कळलं की त्यांना जिंकायचंच आहे. आता सांगितलं तर अख्ख्या चाळीसमोर रीळ खोलावं लागेल, आणि मी केलेल्या कामाचं जे कौतुक झालं होतं ते सगळं उलटून माझ्यावर येईल. मी गप्प बसले. या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी अर्धी चाळ रे रोडला लोटली. वखारीत रचलेल्या ओंडक्यांवर धातूवाले एका बाजूला, प्लास्टिकवाले दुसऱ्या बाजूला बसले. डबे उघडले गेले. सुकटाची चटणी आणि चपाती दोन्ही पक्षांत सारखीच होती. ताज्या लाकडाच्या भुश्शाचा आणि चिखलाचा वास, मध्येच एखाद्या बोटीचं इंजिन. तोरसकरकाका शिट्टी घेऊन आले होते. माशांना शिट्टी कळत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही. बाबांनी कोळंबी लावून गळ फेकला. अंगठा इतका सुरेख टेकवला होता की दोरा सरळ रेषेत गेला आणि धातूवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बाळाकाकाने फेकला, तर त्याचा गळ बाबांच्यापेक्षा दहा हात पुढे गेला, कारण फिरकी हलकी. तिकडूनही टाळ्या. मग तासभर काहीच झालं नाही. लोकांना मासे गरवण्याची खरी ओळख त्या तासाभरात झाली.

बाबांची काठी वाकली तेव्हा ती अशी वाकली की टोक पाण्याला लागलं. "जिताडो!" तोरसकर ओरडले, कारण सगळ्यांना जिताडाच हवा असतो. बाबांनी रिळाची मूठ फिरवली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि रिळातून 'कर्र' असा आवाज आला. तो बारीक, भरीव आवाज नव्हताच तो. मूठ जागच्या जागी अडली. बाबांनी जोर लावला, उलटी फिरवून बघितली. काही नाही. मासा ओढत होता आणि रीळ दोरा घेतही नव्हतं, सोडतही नव्हतं. आता दोरा तुटणार हे मलासुद्धा दिसत होतं. बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गिरणी बंद झाली त्या दिवशी पाहिलं होतं.

बाळाकाकाने काय केलं? त्याने आपली काठी धक्क्यावर टाकली, पैज सोडली, आणि खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळून धावत जाऊन बाबांचा दोरा धरला. "दादा, काठी सोड. हातानं घे, गावातल्यासारखं." बाबांनी काठी माझ्याकडे दिली. दोघं भाऊ गुडघ्यावर बसून, एक पुढे एक मागे, हात आळीपाळीने टाकत दोरा ओढायला लागले. मालवणात त्यांच्या वडिलांनी त्यांना रीळ नसताना असंच शिकवलं होतं म्हणे. तोरसकरकाका नीट दिसावं म्हणून चार पावलं मागे सरकले, ओंडक्याला अडखळले आणि खाली बसले. बसले ते बाळाकाकाच्या काळ्या रिळावर. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

पाण्यातून आला तो जिताडा नव्हता, शिंगाळा होता. हातभर लांब, मिशाळ, काटे उभारून बसलेला. आईने तो पोत्यात घातला आणि पोत्याच्या तोंडावर बसून राहिली, कारण निकाल लागेपर्यंत मासा कोणत्या पक्षाचा हे ठरायचं होतं.

"रीळ खोल, दादा," कोणीतरी म्हणालं. बाबांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर कायम असे, पण या स्क्रूंना तो लागत नव्हता. त्यांनी तीन स्क्रू हाताने सोडवले. मी अगदी शेजारी उभी होते. चाकं कोरडी ठणठणीत होती, खोबरेलाचा तपकिरी राप धरलेला, आणि दोन चाकांच्या मध्ये नारळाचे केस आणि त्यात रुतलेला चिंचेचा एक काळा गोळा. बाबांनी तो बघितला. मी म्हणाले, "बाबा, ते मी..."

"सुलू, आईचो डबो धर जा," बाबा म्हणाले आणि त्यांनी झाकण लावून टाकलं. मग उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खाऱ्या पाण्यान खाल्लान. मेटल हारला. बाळा, तुझा खरा."

प्लास्टिकवाल्यांनी आरोळी ठोकली. पण बाळाकाका तुकडे झालेलं रीळ हातात घेऊन उभा होता. "कसलं खरं? ह्याच्यावर माणूस बसला तर फुटलं. तुझ्या रिळावर बसला असता तर माणूस फुटला असता. मी हरलो."

"मी हारलंय. माझा आडकला."

"माझं फुटलं, दादा. आडकलेलं सुटतं, फुटलेलं सुटतं का?"

आणि मग त्या धक्क्यावर दोघा भावांचं असं भांडण जुंपलं, जसं जिंकण्यासाठी कधी झालं नव्हतं. दोघंही हरण्यावर अडून बसले. धातूवाले आपल्या पुढाऱ्याला गप्प करायला बघत होते, प्लास्टिकवाले आपल्या. तोरसकरांनी तीनदा शिट्टी वाजवली. शेवटी पोत्यावरून उठून आई म्हणाली, "दोघंय हारलात. बरा झाला. हारलो त्याना रीळ हातात धरूचा नाय, असाच ठरला मा? हाताक काय बंदी नाय. फुडल्या रविवारी हातान गरवा." घरी जाऊन तिने शिंगाळ्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, म्हणजे दाटसर झणझणीत कालवण, केलं. दोन्ही पक्षांनी वाटी पुढे केली.

पुढचं वर्षभर दोघं भाऊ रे रोडला नुसता दोरा आणि गळ घेऊन जायचे. मासे फार मिळत नव्हते. बोलणं मात्र वाढलं, कारण हातात दोरा धरून बसलं की दुसरं करायला काही नसतं. चाळीतले लोक जिन्यात बाबांना चिडवायचे, "काय फिटर, शेवटी मेटल हरलं ना?" बाबा हसायचे आणि वर यायचे. प्रत्येक वेळी मी कानकोंडी व्हायचे. सांगायचं ठरवून मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तीनदा पाणी हवंय का विचारून परत आले.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आईने पैजेची मुदत संपल्याचं जाहीर केलं. पूजा झाली की मागचं सगळं धुऊन जातं, असं तिचं म्हणणं. मी भांडी घासायला बसले होते. बाबा बिस्किटांचा डबा घेऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. त्यात दोन रिळं होती. धातूचं, आणि बाळाकाकाचं काळं, ज्याच्या फुटलेल्या बाजूला बाबांनी ॲल्युमिनियमचा पत्रा कानसून बसवला होता. त्यांनी माझ्यापुढचं चिंचेचं भांडं उचलून बाजूला सरकवलं आणि मला ओलं फडकं दिलं.

"वरून पूस. साध्या पाण्यान. स्क्रूंक हात लावू नको."

मी फडकं तसंच हातात धरून विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"फिटर आसंय मी. गंज खंयचो नि चिंच खंयची, ता कळता माका."

"मग मेटल हरलं असं का म्हणालात? वर्षभर लोक तुम्हाला..."

बाबा रीळ कानाशी धरून फिरवत होते. त्यातून पुन्हा तो बारीक, भरीव आवाज येत होता. "मेटलाक काय," ते म्हणाले, "हारला तरी काय वाटना नाय. तुका वाटला असता."

एवढं बोलून ते उठले आणि पाट पुसायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटावर सगळ्यात आधी ठेवलं ते बाळाकाकाचं रीळ.